दुमडलेले कोपरे

दि. ६ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. मासिकांचं पुडकं काल पोचलं. इकडे मी ठीक आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे, त्यामुळे तुझ्या मासिकांत सांगितलेला जिने चढायचा व्यायाम आयताच होतो. दादाचा कान कसा आहे? तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तुझं उत्तर ठरलेलं असतं: मला काय धाड भरलीय.

हे सगळं फोनवरही झालं असतं. पण तुमच्याकडे फोन म्हणजे जाहीर सभा. दादाला ऐकू यावं म्हणून तू स्पीकर लावतेस, आणि दादा मध्येच माझ्या कचेरीतल्या बढतीची चौकशी करायला लागतो. मला जे बोलायचं आहे ते सभेत बोलण्यासारखं नाही, म्हणून हा कागद.

आधी मासिकाविषयी. लेकीने तुला वर्गणी भरून दिली, तू वाचून झाल्यावर अंक मला पाठवतेस, यात वावगं काही नाही. पण विम्याच्या कचेरीत लोकांच्या आजारपणाचे दावे तपासण्यात माझी हयात गेली. कचेरीत मला 'फौजदार' म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. फौजदाराच्या हातात छापील कागद दिलास तर तो तपासला जाणारच.

तर तपास असा. कव्हरवरची बाई वजन उचलते आहे आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. ते वजन पोकळ असावं अशी माझी खात्री आहे. आत एका बाईचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो आहेत. मधल्या काळात तिने म्हणे एक पेय पिऊन पोट सपाट केलं. मी भिंग लावून पाहिलं. दोन्ही फोटोंत तिच्या अंगठ्याचं नेलपॉलिश एकाच ठिकाणी उडालेलं आहे. म्हणजे एका दुपारी दोन फोटो काढले, एकात पोट सोडलं आणि दुसऱ्यात श्वास रोखून धरला. असला दावा माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता.

मागच्या अंकात सकाळी उपाशी राहू नका म्हणून बजावलं होतं, या अंकात उपाशी राहण्याचे फायदे सांगितलेत. मागे गुडघ्यांचे तज्ज्ञ म्हणून ज्या गृहस्थांचा फोटो होता, तेच आता त्वचेचे तज्ज्ञ झाले आहेत. हाडं ठिसूळ होतात असा भीतीदायक लेख, आणि समोरच्याच पानावर हाडं बळकट करणाऱ्या पावडरीची जाहिरात. आधी घाबरवायचं आणि मग डबा विकायचा, असा सरळ धंदा आहे.

आता खरं बोलते. तू मला ही मासिकं का पाठवतेस?

मी मूर्ख नाही. प्रत्येक अंकात एका पानाचा कोपरा दुमडलेला असतो. पहिल्या अंकात दुमडलेलं पान होतं, 'एकटीने जेवताना आपण जास्त का खातो?' मी एकटी जेवते हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे, आणि गेल्या खेपेला माझा ड्रेस काखेत उसवला तेव्हा सुईदोरा तूच दिला होतास. मी गप्प बसले. पुढच्या अंकात दुमडलेलं पान, 'हनुवटीवरचे केस: लाजू नका.' तेव्हाही गप्प बसले, आरशासमोर जाऊन मात्र आले. आणि या अंकात, वहिनी, या अंकात दुमडलेलं पान आहे, 'संशयी स्वभाव आणि वाढता रक्तदाब.' आता गप्प बसणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखंच आहे.

लेकी बोले सुने लागे हे ऐकलं होतं. तू तर सुनेने नणंदेला पोस्टाने टोमणे मारायची नवी रीत काढलीस. मला काही सांगायचं असेल तर तोंडावर सांग. माझी कातडी जाड आहे, अंक दुसरा पाहा, त्यावरही एक लेख आहे.

आणि विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मी गेल्या खेपेला बॅग घेऊन तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा तू रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चादरी धूत होतीस. सगळ्यांच्या चादरी, आणि त्यांत माझीही, मला दिसेल अशी. मी काय चिखलात लोळून येत होते? मला सोफ्यावर बसवायचीस आणि स्वतः त्या काळ्या रेक्झिनच्या स्टुलावर बसायचीस, जणू माझ्या शेजारी सोफ्यावर बसलं तर विटाळ होईल. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते आहे.

दादाला नमस्कार. उत्तर पाठव, आणि खरं पाठव.

आपली,
नणंद


दि. २० फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,

सा. न. तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. "वन्सं, मी काही तुमच्यासाठी कोपरे दुमडले नाहीत, पोस्टात दुमडले असतील. मासिकं नको असतील तर रद्दीत द्या." चादरींबद्दल अवाक्षर नाही. दादाचा कान बरा आहे आणि तुला काय धाड भरलीय.

पोस्टात दुमडले असतील. वहिनी, हे तू कुणाला सांगतेस?

पोस्टात कोपरा दुमडतो तेव्हा कव्हरपासून दहापंधरा पानं एकत्र दुमडतात आणि मऊ पडतात. हे कोपरे मधल्या एकेकट्या पानाचे आहेत आणि नखाने दाबून बसवले आहेत. एवढंच नाही, घडीवर हळदीचा किंवा कसला तरी बोटाचा ठसाही आहे. तू इतकी वर्षं माझी वहिनी आहेस, पण तुला अजून खोटं बोलता येत नाही. तू खोटं बोलतेस हे मला नवीन आहे, म्हणून मी जास्त चिडले आहे. टोमणा मारला असतास तर भांडलो असतो आणि विषय संपला असता. टोमणा मारून नाही म्हणायचं, हे तुझ्या स्वभावात बसत नाही. मग हे काय चाललंय?

एक गोष्ट सांगते, दादाला सांगू नकोस. मी ही मासिकं शिव्या घालत घालत सगळी वाचते. दात घासताना एका पायावर उभी राहते, तोल सुधारतो म्हणे. परवा बेसिनवर आपटले. पाठीच्या व्यायामाचं पान तर आरशाला चिकटवलं आहे, आणि कबूल करायला हरकत नाही, सकाळी उठताना पाठ आता कमी कुरकुरते. म्हणजे सगळंच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. चोराच्या घरातही एखादी वस्तू विकत आणलेली असते.

पण ते असो. मला रद्दीत द्यायला सांगू नकोस. माझ्या पत्त्यावर वीजबिल आणि बँकेचे कागद सोडून दुसरं काही येत नाही. तू टोमणे पाठवत असलीस तरी पाठवत जा.

कोपऱ्यांचं उत्तर मात्र मी घेतल्याशिवाय राहणार नाही.

आपली,
नणंद


दि. ३ मार्च

वहिनी,

नमस्कार-चमत्कार राहू दे. हे पत्र एकटी असताना वाच. दादा शेजारी असेल तर आत्ता घडी घालून ठेव.

आज जेवणाच्या सुट्टीत काय झालं ते सांगते. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते, तिला आम्ही 'रेडिओ' म्हणतो, कारण ती बंद होत नाही. तुझ्या कोपऱ्यांचं गाऱ्हाणं मी तिला सांगत होते. पुरावा म्हणून तिन्ही अंक कचेरीत नेले होते. तिने शेवटचा अंक उचलला, दुमडलेल्या पानाशी उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. मला वाटलं संशयी स्वभाव वाचेल. ती वाचायला लागली ते वेगळंच. मी म्हटलं, "अगं, ते नाही, पाठीमागचं." ती म्हणाली, "कोपरा तर या बाजूला वळवलाय. हेच वाचायचं असणार."

कागद उलटून पाहिल्याशिवाय मी आजवर सही केलेली नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. आणि तुझी तिन्ही पानं मी एकाच बाजूने वाचली, कारण त्या बाजूला मी होते.

एकटीने जेवण्याच्या पाठीमागे आहे, 'सतत थकवा का येतो?' हनुवटीच्या केसांच्या पाठीमागे आहे ओटीपोटातल्या दुखण्यावरचा लेख. आणि संशयी स्वभावाच्या पाठीमागे वाचकांचे प्रश्न आहेत. पहिलाच प्रश्न, पाळी जाऊन काही वर्षं झाली, आता पुन्हा रक्त दिसतं, काय करावं? उत्तर दिलंय की या वयात मनावरच्या ताणाने असं होऊ शकतं, घाबरू नये, विश्रांती घ्यावी, तिखट कमी खावं. आणि त्या ओळीवर तुझ्या नखाची खूण आहे. घाबरू नये या शब्दांखाली.

वहिनी, मी तिथेच बसून राहिले. रेडिओने माझा डबा बंद करून बाजूला ठेवला.

मग एकेक आठवायला लागलं. सकाळच्या चादरी माझ्यामुळे नव्हत्याच. ते काळं स्टूल, ज्याच्यावर डाग दिसत नाही. तू सगळे दिवस गडद कपडे घालत होतीस आणि मी म्हटलं होतं की वहिनीला या वयात फॅशन सुचते आहे. जिन्याच्या वळणावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघायचीस, तेव्हा तुला धाप लागलेली असायची. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि सगळं माझ्या अपमानाच्या खात्यात टाकलं. जगावर संशय घेणाऱ्या या बाईला जिथे संशय यायला हवा होता तिथे तो आला नाही.

माझं चुकतही असेल. चुकत असलं तर मला हवं ते बोल, दादासमोर स्पीकर लावून बोल. पण माझं चुकतंय असं मला वाटत नाही.

तू डॉक्टरकडे का गेली नाहीस ते मला कळतं. घरात असलं काही बोलायची आपल्याला सवय नाही. दादाला शिंक आली तर तो मृत्युपत्राच्या गोष्टी करतो, त्याला कशाला सांगायचं. लेक लांब, ती सगळं सोडून धावत येईल. आणि मासिक तर घरबसल्या मिळतं. त्याच्यासमोर कपडे काढावे लागत नाहीत, ते गुळगुळीत कागदावर हसऱ्या बाईचा फोटो छापून तुला सांगतं की घाबरू नये. तुला तेच ऐकायचं होतं, आणि त्यांनी ते तुला छापून दिलं. पाठ ताणायची कशी, पाणी किती प्यायचं, हे त्यांना विचार, त्यात कुणाचं बिघडत नाही. पण त्यांनी तुला तपासलेलं नाही. त्यांनी एकाच उत्तरात सगळ्या बायकांना घरी पाठवलंय, आणि त्याच पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की हा मजकूर वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. सबंध अंकात खरं वाक्य तेवढंच आहे आणि ते वाचायला मला भिंग लागलं.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. असल्या तक्रारींच्या फायली माझ्याकडे येतात. बहुतेक जणींचं साधंच काहीतरी निघतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. काहींचं निघत नाही. त्यातल्या ज्या डॉक्टरकडे वेळेवर गेल्या त्यांच्या फायली बंद होतात आणि त्या बायका आपापल्या कामाला लागतात. ज्या थांबल्या त्यांच्या फायलीत डॉक्टरांचं एक ठरलेलं वाक्य असतं: रुग्णाने लक्षणांकडे दुर्लक्ष केले. मी ते वाक्य आजवर कोरड्या डोळ्यांनी वाचत आले. आज दुपारपासून ते मला वाचवत नाही.

आमच्या कचेरीला सल्ला देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी तुझं नाव न सांगता विचारलं. त्यांनी समजूत काढली नाही, भीतीही घातली नाही. "कधी आणताय त्यांना?" एवढंच म्हणाल्या. तुमच्याच गावात त्यांची एक डॉक्टर मैत्रीण आहे, हात हलका आहे असं सांगितलं. मी तिची वेळ घेऊन ठेवली आहे. विचारलं नाही तुला. विचारलं असतं तर धाड भरलेली नाही असंच उत्तर आलं असतं.

तू फक्त फोन कर. दादा शेजारी असला तरी चालेल, काही सांगायची गरज नाही. "वन्सं, या" एवढंच म्हण. मी समजेन.

मला भीती वाटते आहे, वहिनी. हे वाक्य मी कुणाला लिहिलेलं नाही. आई गेल्यानंतर मला ड्रेस घट्ट झालाय म्हणून सांगणारं, ताटात वाढून ठेवणारं, भांडल्यावर पुन्हा आपणहून फोन करणारं माणूस तूच आहेस. मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले ते तू कुठे जाणार नाहीस या भरवशावर. तो भरवसा मला अजून हवा आहे.

फोनची वाट बघते.

तुझी


दि. ११ मार्च

वहिनी,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. तुमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. तू आत तयार होते आहेस. दवाखान्यात तुला आत बोलावलं की ते तुझ्या हातात देईन. डॉक्टरांच्या खोलीआधी एक लहान खोली आहे, तिथे एकटीनेच बसावं लागतं, सोबतीला आत सोडत नाहीत असं कळलं. तिथे टेबलावर मासिकं पडलेली असणार. ती उचलू नकोस. हे वाच.

तुझा फोन आला तेव्हा दादा पाठीमागून म्हणाला, "आता कशाला येतेय ही?" तू म्हणालीस, "भांडायला." त्यावर तो लगेच म्हणाला, "मग येऊ दे." तुमच्या घरात माझी इतकी चांगली ओळख आहे हे पाहून बरं वाटलं. पण त्याआधी "वन्सं, या" म्हणताना तुझा आवाज कसा झाला होता ते मी ऐकलं. तो आवाज मी विसरणार नाही.

काल संध्याकाळी तू त्याला सांगितलंस. मला वाटलं होतं तो घर डोक्यावर घेईल. तो उठला आणि तुझ्यासाठी चहा करायला गेला, साखर कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं, तरी त्याने विचारलं नाही. सगळे डबे उघडून पाहिले. तो चहा किती कडू होता ते तुझ्या तोंडावरून दिसत होतं आणि तू तो सगळा प्यायलीस.

आत विचारतील ते सगळं खरं सांग. कधीपासून, किती, दुखतं का. तिथे धाड भरलेली नाही असं म्हणू नकोस. लाज वाटली तर खुशाल वाटू दे, तिच्यामुळे तपासणी काही अडत नाही.

काही निघणार नाही, असं मी तुला लिहिणार नाही. मला ते माहीत नाही आणि माहीत नसलेलं लिहायला मासिकवाल्यांकडे पुष्कळ माणसं आहेत. निघालं तर काय करायचं ते आपण तिघं मिळून बघू. लेकीला कधी सांगायचं ते तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही. मी महिन्याची रजा टाकली आहे. साहेबाने कारण विचारलं, मी सांगितलं घरचं माणूस आहे. त्याने लगेच सही केली.

आता तुझं नाव पुकारतील. मी तुझ्याबरोबर आत येऊ शकत नाही, पण त्या दाराच्या बाहेर जो बाक आहे त्यावरून मी हलणार नाही. तू बाहेर येऊन जे सांगशील ते मी एकदाही न तपासता खरं मानेन.

दार उघडलंस की समोर दिसेल ती,
तुझी वन्सं